डांबर संपल्यावर कोणता जीपीएस?

थार, जिम्नी किंवा गुरखा अशी ऑफरोड गाडी दारात आली की टायर, विंच, स्नॉर्कल यांबद्दल सल्ला द्यायला दहा माणसं पुढे येतात. जीपीएसचा विषय निघाला की मात्र बहुतेकांचं एकच उत्तर असतं: "मोबाइल आहे ना!" हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून न घेता सह्याद्रीतल्या आडवाटांवर, कच्छच्या रणात किंवा लडाखमध्ये गाडी घातली, तर दिवस मावळताना ओढ्यापलीकडे चिखलात रुतून बसायची वेळ येते आणि आपण नेमके कुठे आहोत हेही कुणाला सांगता येत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जीपीएस या एका नावाखाली आपण तीन वेगळी कामं एकत्र बांधून ठेवली आहेत. मी आत्ता कुठे आहे, हे कळणं. माझ्या पुढे काय आहे, हे कळणं. आणि अडकलो तर बाहेर कुणाला तरी कळवणं. पहिलं काम उपग्रह करतात, दुसरं नकाशा करतो, तिसरं फोनचं नेटवर्क किंवा रेडिओ करतो. तिन्ही एकाच पडद्यावर दिसतात, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. उपकरण घेताना यातल्या कोणत्या कामासाठी आपण पैसे मोजतोय हे कळलं, की अर्धा गोंधळ संपतो.

जाता जाता एक इशारा. गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात नुसतं "जीपीएस दाखवा" म्हटलं, तर बहुतेक वेळा सिमकार्डवर चालणारा ट्रॅकर पुढे येतो. तो गाडी चोरीला गेली तर मालकाला जागा कळवतो. चालकाला वाट दाखवणं हे त्याचं काम नव्हे, आणि रेंज नसलेल्या दरीत तो जागाही कळवू शकत नाही.

रेंज गेली म्हणजे जीपीएस गेला, असं नाही

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत दोन गोष्टी सांगत असतात: आत्ता किती वाजलेत आणि मी कुठे आहे. आपल्या हातातलं उपकरण फक्त ऐकतं. संकेत निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून ते उपग्रहाचं अंतर काढतं. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरायला हवी, पण संकेत सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने येतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. उपग्रहांत आण्विक घड्याळं असतात, फोनमध्ये साधं. फोनच्या घड्याळाची ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. म्हणून किमान चार.

या सगळ्यात सिमकार्ड कुठेच आलं नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, तरी त्याचा जीपीएस चालू राहतो. रेंज नसताना पडद्यावर निळा ठिपका दिसतो पण भोवती सगळं कोरं असतं, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तिथे जीपीएस नीट चालूच असतो, नकाशा मात्र इंटरनेटवरून यायचा राहिलेला असतो.

एक अडचण मात्र खरी आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार सावकाश पाठवतो, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाची कामापुरती माहिती मिळायला ३० सेकंद जातात आणि मध्येच झाड किंवा कडा आडवा आला तर पुन्हा थांबावं लागतं. फोन ही माहिती एरवी इंटरनेटवरून क्षणात उचलतो, म्हणून शहरात त्याला जागा लगेच सापडते. रेंज नसलेल्या खोऱ्यात फोन बंद करून पुन्हा सुरू केला तर तोच फोन काही मिनिटं चाचपडतो. त्यामुळे रेंज असलेल्या शेवटच्या गावातच ॲप उघडावं, ठिपका स्थिर होऊ द्यावा आणि मग पुढे जावं.

कडे, झाडं आणि चुकणारा ठिपका

मोकळ्या माळावर साध्या फोनचा ठिपकाही पाच-दहा मीटरच्या आत असतो. गाडीला एवढं पुरतं. २ मे २००० पूर्वी हे शक्य नव्हतं. अमेरिकन सरकार नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत हलायची. ती अट उठली आणि जीपीएस खऱ्या अर्थाने सामान्य माणसाचा झाला.

सह्याद्रीत प्रश्न वेगळा येतो. उभ्या कातळाच्या पायथ्याशी उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलं जातं. शिवाय उपग्रहाचा संकेत थेट येतो तसा समोरच्या कड्यावर आपटूनही येतो, आणि आपटून आलेला संकेत लांबचा प्रवास करून आलेला असतो. उपकरण फसतं आणि ठिपका दरीपलीकडे उडी मारतो. झाडी हे दुसरं कारण. पाऊस आणि ढग यांचा जीपीएसच्या लहरींवर नाव घेण्याजोगा परिणाम होत नाही, पण ओल्या पानांचं दाट छत्र संकेत बराच शोषून घेतं. श्रावणात ताम्हिणीच्या जंगलात ठिपका भरकटतो, त्याचा दोष पावसाला देण्यापेक्षा पानांना द्यावा.

यावर दोन उपाय निघाले आहेत. पहिला म्हणजे जास्त उपग्रह. अमेरिकेचा जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू. आज साधासा फोनही हे सगळे ऐकतो. आपल्या इस्रोचा नाविक आहे आणि २०२० पासून काही फोनच्या चिपांत त्याची सोय आली. नाविकबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. पण त्याच्या काही उपग्रहांची आण्विक घड्याळं बिघडली आणि २०२५ च्या जानेवारीत सोडलेला त्याचा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. तेव्हा खोक्यावर नाविक लिहिलंय एवढ्याच कारणाने उपकरण निवडू नये. असेल तर उत्तम.

दुसरा उपाय जास्त मोलाचा आहे आणि दुकानदार त्याबद्दल क्वचितच बोलतात. जीपीएसचा जुना नागरी संकेत एल१ लहरीवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. अंतर मोजण्यासाठी त्यात जे बारीक तुकडे असतात, त्यातला एक तुकडा जवळपास ३०० मीटर लांबीचा भरतो. नव्या एल५ संकेतात, ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, हाच तुकडा ३० मीटरच्या आत येतो. थेट आलेला संकेत आणि कड्यावर आपटून पन्नास मीटर उशिरा आलेला संकेत, हे दोन्ही एल१ मध्ये एकमेकांत मिसळून जातात. एल५ मध्ये ते वेगळे ओळखता येतात. दोन लहरी एकत्र ऐकणाऱ्या उपकरणाला आणखी एक फायदा मिळतो: वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे संकेताला जो उशीर होतो, तो दोन्ही लहरींची तुलना करून वजा करता येतो. भारतात हा थर विशेष खट्याळ असतो, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये केरळात थुंबा इथे अग्निबाण सोडायचं केंद्र निघालं, तेही याच थराच्या अभ्यासासाठी ती जागा मोक्याची होती म्हणून.

तेव्हा माहितीपत्रकात "ड्युअल फ्रिक्वेन्सी", "एल१ + एल५" किंवा "मल्टी-बँड" हे शब्द शोधा. मध्यम किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आज ही सोय असते, तर जीपीएस उपकरणं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्ससारख्या जुन्या हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायच्या उपकरणात ती नाही. म्हणजे केवळ जागा ओळखण्याचं काम बघितलं, तर चांगला फोन काही महागड्या खास उपकरणांहून सरस ठरतो. "मोबाइल आहे ना" या उत्तराचं खरं अर्धं ते हेच.

उंचीचा आकडा बघून मात्र घाबरू नका. काही ॲप पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवतात. भारताच्या आसपास समुद्राची पातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे, त्यामुळे कोकणातल्या किनाऱ्यावर उभे असताना उंची उणे साठ-सत्तर मीटर दिसू शकते. उपकरण ठणठणीत असतं.

खरा जीव नकाशात

आता दुसरं काम, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. ठिपका अगदी बरोबर आहे, पण त्याच्या पुढची वाट गाडीची आहे की गुरांची, हे कोण सांगणार?

गुगल मॅप्स डांबरी रस्त्यासाठी उत्तम आहे आणि आधी डाउनलोड केलेला भाग तो रेंजशिवायही दाखवतो. पण बैलगाडीच्या वाटा, शेतांमधल्या पाणंदी, सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या चाकोऱ्या त्यात बहुतेक ठिकाणी नसतात. जिथे असतात तिथे त्या पक्क्या रस्त्यासारख्याच दिसतात, हे जास्त धोक्याचं.

ऑफरोडसाठी मी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप आधी सुचवेन: ऑस्मॲंड, ऑरगॅनिक मॅप्स, लोकस मॅप, गाया जीपीएस. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला. जगभरचे लोक आपापल्या भागातल्या वाटा त्यात स्वतः भरतात. त्यात कच्च्या वाटांची प्रतवारी असते. पहिल्या प्रतीची वाट म्हणजे घट्ट, खडी दाबलेली. पाचव्या प्रतीची म्हणजे माती-गवतातून उमटलेली नुसती चाकोरी. पायवाट, गाडीवाट, फक्त फोर बाय फोरची वाट हे भेद नोंदवायची सोय आहे. ऑस्मॲंडमध्ये या प्रती वेगवेगळ्या रेघांनी दिसतात. दोष एकच, पण मोठा: नोंद करणारा माणूस जिथे गेला नाही तिथे नकाशा रिकामा राहतो आणि जिथे तो चुकला तिथे आपणही चुकतो.

म्हणून तोच भाग उपग्रह छायाचित्रांत घरी बसून बघावा. मोठ्या पडद्यावर वाट माउसने पुढे सरकवत न्यावी, ओढा कुठे ओलांडावा लागेल, गाडी वळवायला जागा कुठे आहे, पर्यायी वाट कुठून फुटते, हे बघावं. छायाचित्र कोणत्या महिन्यातलं आहे तेही तपासावं. मार्चमध्ये पांढरी फटक दिसणारी वाट ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या गवतात बुडालेली असते.

सह्याद्रीसाठी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा, वाचता यायलाच हव्यात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नोंदणी करून त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. याचा अर्थ पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. मोबाइल ॲपमधल्या रेषा बऱ्याचदा २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर आधारलेल्या असतात. त्यात साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीला एकच उंची दिलेली असते. कडा तिथे उतार होऊन बसतो. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की पुढे कडा आहे असं धरूनच चालावं.

आणि स्वयंचलित मार्ग दाखवणाऱ्या यंत्रणेवर घाटमाथ्यावर कधीही आंधळा विश्वास नको. नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जुन्नरकडून गाडी जाते. खाली कोकणात वैशाखऱ्याजवळ उतरणारी प्राचीन वाट मात्र पायऱ्यांची आहे; गाडीने तिकडे जायचं तर माळशेज घाटाचा वळसा घ्यावाच लागतो. नकाशात कुणी पायवाटेची नोंद चुकून गाडीवाट म्हणून केली असेल, तर ॲप सरळ कड्याकडे बोट दाखवेल. त्या क्षणी नकाशा वाचता येणारा सहप्रवासीच गाडी थांबवू शकतो.

रणात हाच विषय वेगळं रूप घेतो. कच्छच्या रणात आकाश चहूबाजूंनी मोकळं असतं, त्यामुळे जागा अचूक मिळते. पण नकाशावर दाखवण्यासारखं काही नसतंच. पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाते, नंतर वर कडक पापुद्रा धरतो आणि खाली ओला चिखल राहतो. गेल्या वर्षी कुणाची गाडी जिथून गेली, तिथे यंदा चाक रुतेल. अशा ठिकाणी आपण आलो तीच वाट उलटी धरून परत फिरता येणं, हाच सुटकेचा मार्ग. त्यासाठी उपकरणाने आपला ट्रॅक सलग नोंदवलेला हवा.

मग घ्यायचं काय?

सह्याद्रीत शनिवार-रविवार भटकणाऱ्या माणसाने आधी खास उपकरणावर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन लहरी ऐकणारा फोन, त्यात ओपनस्ट्रीटमॅपचं ॲप आणि महाराष्ट्राचा पूर्ण नकाशा उतरवलेला. घरात पडून असलेल्या जुन्या फोनमध्ये तेच ॲप, तोच नकाशा, आणि तो फोन चार्ज करून गाडीच्या कप्प्यात. दुसरा फोन हा या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग आहे. वाट दाखवणारा आणि मदत मागणारा फोन एकच असेल आणि तो ओढ्यात पडला, तर तिन्ही कामं एकदम बुडतात.

गाडीत मोठा पडदा हवा असेल तर टॅबलेट घ्यावा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फक्त वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. सिमकार्डची सोय असलेल्या आयपॅडमध्येच तो असतो; सिम घातलं नाही तरी चालतं, पण मॉडेल ते हवं. वाय-फायवाला आयपॅड आधीच घरात असेल तर गार्मिन ग्लोसारखा ब्लूटूथने जोडला जाणारा वेगळा रिसीव्हर मिळतो. धूळ, हादरे यांचा विचार करता सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेसारखे दणकट टॅबलेट बघण्यासारखे आहेत. त्यांची बॅटरी काढून दुसरी घालता येते.

फोनची कमजोरी उन्हात आणि थंडीत दिसते. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हीच वापराची मर्यादा सांगते. एप्रिलच्या दुपारी काचेमागे लावलेला फोन ही मर्यादा सहज ओलांडतो, पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं आणि शेवटी फोन बंद पडतो. त्याला एसीच्या झरोक्यासमोर लावणं हा साधा उपाय. लडाखच्या पहाटे उलट घडतं. थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते. लडाखला जाताना आणखी एक: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, पोस्टपेड लागतं.

आठवडाभर रेंजबाहेर राहणाऱ्यांनी हँडहेल्ड उपकरणाचा विचार जरूर करावा. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्सचा पडदा जेमतेम २.२ इंचांचा; चालवताना तो वाचता येणार नाही. पण दोन पेन्सिल सेलवर हे उपकरण सुमारे २५ तास चालतं आणि सेल कुठल्याही गावातल्या टपरीवर मिळतात. त्याच कंपनीचा जीपीएसमॅप ६७ दोन लहरी ऐकतो आणि एका चार्जवर कंपनीच्या सांगण्यानुसार १८० तासांपर्यंत टिकतो. यांचे पडदे उन्हात जास्त स्पष्ट दिसतात, फोनच्या अगदी उलट. गाडी सोडून मदतीसाठी पायी निघावं लागलं, तर खिशात हेच हवं.

राहिली डॅशबोर्डवर बसणारी खास ऑफरोड उपकरणं, म्हणजे गार्मिनची ओव्हरलँडर, ट्रेड ही मंडळी. बांधणी उत्तम, पडदे मोठे. पण त्यांच्या किमतीचा मोठा भाग आतल्या नकाशांचा असतो आणि ओव्हरलँडरमधले तपशीलवार नकाशे अमेरिका खंडांचे आहेत. सरकारी जमिनींच्या हद्दीसुद्धा तिथल्याच. अमेरिकेत राहून युटा-कोलोरॅडोच्या ट्रेलवर जाणाऱ्या मराठी माणसासाठी तो खर्च वसूल होतो. तिथल्या वनखात्याचे, कोणत्या वाटेवर वाहन न्यायला परवानगी आहे हे दाखवणारे नकाशेही फुकट मिळतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत त्याच उपकरणात शेवटी ओपनस्ट्रीटमॅपचाच नकाशा घालावा लागेल. मग तो टॅबलेटमध्ये घातलेला काय वाईट?

परदेशातून मागवण्याआधी

हा भाग कृपया घाईत वाचू नका. अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी सुट्टीला येणार असली की आपण असली उपकरणं मागवतो. गार्मिनच्या काही मॉडेलांत इनरीच नावाची सोय असते. ती इरिडियम उपग्रहांमार्फत संदेश आणि एसओएस पाठवते. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी उपग्रह संपर्क साधनं बाळगणं आणि वापरणं बेकायदेशीर आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्यात विमानतळावर अशा उपकरणांवरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. उपकरण बंद करून बॅगेत ठेवलं होतं, हा बचाव होत नाही.

फरक नावातल्या एका अक्षराचा असतो. मोन्टाना ७०० हा साधा जीपीएस आहे, मोन्टाना ७००आय मध्ये इनरीच आहे. जीपीएसमॅप ६७ आणि ६७आय यांचंही तसंच. ट्रेड मालिकेतल्या काही मॉडेलांत इनरीच आणि गाड्यांच्या ताफ्यासाठीचा रेडिओ दोन्ही असतात. फक्त ऐकणारा जीपीएस चालतो, उपग्रहाशी बोलणारा चालत नाही, एवढं भावाला नीट समजावून सांगा. विमानतळावर अडचण त्याची होणार आहे. आयफोन १४ पासून आलेली उपग्रहामार्फत एसओएसची सोयही भारतात उपलब्ध नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त व्हीएचएफ वॉकीटॉकीसुद्धा हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. ताफ्यासाठी विनापरवाना पट्ट्यातले, मान्यता असलेले संच घ्यावेत.

म्हणजे तिसरं काम, अडकल्याचं बाहेर कळवणं, आपल्याकडे पैशाने विकत घेता येण्यासारखं फारसं नाही. ते आखणीनेच करावं लागतं. एकट्या गाडीने जाऊ नये. ठरलेली वाट आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवावी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही. याहून उपयोगी सवय म्हणजे जाताना फोनला जिथे शेवटची रेंज मिळाली, ती जागा नकाशावर खूण करून ठेवणं. गाडी रुतली की सगळे टेकडीवर चढून हात उंचावून रेंज शोधत बसतात. खूण असेल तर कुठे परत जायचं हे आधीच ठाऊक असतं, आणि ते अंतर तीन किलोमीटर आहे की तेरा, यावरून रात्री निघायचं की सकाळी, हा निर्णय घेता येतो.

आकडे सांगताना

११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा मित्राला जागा सांगताना आकड्यांचा प्रकार चुकला तर मदत दुसऱ्याच तालुक्यात जाते. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १८.५०. कुणी ते १८.३० असं लिहून घेतलं, तर फरक ०.२ अंशाचा पडतो, आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. म्हणजे जवळपास २२ किलोमीटरची चूक. ताफ्यातल्या सगळ्यांनी दशांश पद्धत ठरवावी आणि पाच दशांश स्थळं सांगावीत. एवढ्याने जागा साधारण मीटरभरात येते. सर्वे ऑफ इंडियाचे जुने कागदी नकाशे, म्हणजे टोपोशीट वापरणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. त्यावरचे अक्षांश-रेखांश पृथ्वीचा आकार मोजायच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या पद्धतीचे असतात आणि आजच्या जीपीएसच्या आकड्यांशी महाराष्ट्रात त्यांचा शंभर मीटरहून जास्त फरक पडतो.

वाटांची नोंद असलेली जीपीएक्स फाइल देता-घेतानाही असाच घोळ होतो. ट्रॅक म्हणजे कुणाची तरी गाडी प्रत्यक्ष जिथून गेली त्या बिंदूंची माळ. तो बदलत नाही. रूट म्हणजे मोजकी ठिकाणं, ज्यांच्यामधली वाट आपलं उपकरण स्वतःच्या नकाशावरून नव्याने काढतं. मित्राने पाठवलेला रूट तुमच्या उपकरणात वेगळ्याच वाटेने जाऊ शकतो. ऑफरोडसाठी नेहमी ट्रॅक मागा. आणि आपला ट्रॅक डांबर सुटायच्या आधीपासूनच नोंदवायला सुरुवात करा.

बसवण्याबद्दल थोडक्यात. काचेला चिकटणारा रबरी वाटीचा स्टँड धुळीत आणि हादऱ्यांत सुटतो. स्क्रूने बसणारा, गोल गोळ्याचा मजबूत माउंट घ्यावा. चार्जर चांगल्या क्षमतेचा हवा, कारण पूर्ण उजेडातला पडदा आणि जीपीएस मिळून स्वस्त चार्जरपेक्षा जास्त वीज खातात आणि केबल लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. निघण्याच्या आदल्या रात्री फोन फ्लाइट मोडवर टाकून उद्याच्या भागाचा नकाशा पूर्ण मोठा करून बघावा. कोरा चौकोन दिसला तर तो घरीच दिसलेला बरा.

नकाशावर वाट दिसते म्हणून तिथे गाडी न्यायची परवानगी आहे, असा अर्थ होत नाही. राखीव वनं, अभयारण्यं, खाजगी शेतं यांतून जाणाऱ्या वाटा नकाशात असतातच. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यात फुलणारी वनस्पती त्यातच जगते आणि एका गाडीची चाकोरी तिथे वर्षानुवर्षं राहते. परत आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर वाट भरणार असाल तर तिची खरी प्रत नोंदवा, ओढा ओलांडावा लागतो का ते लिहा, पावसाळ्यात बंद असते तर तसं लिहा. वाट वनखात्याच्या ताब्यात असेल तर प्रवेशबंदीची नोंद टाका, म्हणजे पुढच्याचं ॲप त्याला तिकडे वळवणार नाही. चालवण्यासारखी वाट नसेल तर ट्रॅक स्वतःजवळच ठेवा.